अप्पांचा पुठ्ठा

एक सकाळ सोडली, तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना मी अप्पांना कधी पाहिलं नाही. गाडी आधी वीतभर सरकली पाहिजे, चाकं हलू लागली पाहिजेत, मगच त्यांचे हात वळायचे. त्यामुळे आमच्या गावच्या, उमेळ्याच्या, अरुंद गल्लीत गाडी फिरवायला इतरांना तीन वेळा पुढेमागे करावं लागे, तिथे अप्पांना अकरा वेळा. मागे रिक्षा खोळंबायच्या, कोणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसायचा, आणि अप्पा आपले वीतभर पुढे, वीतभर मागे. एकदा मी शेजारच्या सीटवर अवघडून बसले होते. न राहवून म्हटलं, "अप्पा, एकदाच जोर लावून फिरवा ना. होऊन जाईल."

"उभ्या गाडीला पिळायचं नाही," ते म्हणाले. "ती ओरडत नाही म्हणून काय झालं?"

गाडी म्हणजे दहा माणसांची एक जुनी जीप. तिचा रंग पांढरा आहे असं तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही तो पांढरा मानायचो. मागची बाकं काढून तिथे माल ठेवायची सोय केलेली होती. एक दिवसाआड सकाळी सहाला अप्पा अंघोळ करून पांढरा सदरा घालायचे आणि केळीची पानं, अळूच्या जुड्या, वांगी घेऊन वसईच्या बाजारात जायचे. माल चार टोपल्यांचा, पण परत यायला दुपार व्हायची, कारण बाजारातल्या प्रत्येक बाईची सून, प्रत्येकाचे गुडघे आणि प्रत्येकाच्या विहिरीचं पाणी यांची चौकशी करूनच ते निघत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का. अक्कांना गप्पांचं वावडं होतं. म्हणजे बाजार हेच अप्पांचं बोलायचं ठिकाण होतं.

सुपारीच्या झाडावरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. साधी गाडी वळवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मुद्दाम शोधून पॉवर स्टिअरिंगची जीप घेतली होती. "बोटाने वळते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि करंगळी पुढे करून दाखवायचे.

आम्ही त्यांच्या वाडीच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आई मूळची कोकणातली, बाबा कामणच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीसुद्धा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. ज्या दिवशी प्रवेश मिळाला, त्या दिवसापासून अप्पा मला नावाने हाक मारेनासे झाले. "इंजिनिअर" म्हणायचे. तोवर मी पाना हातात धरला नव्हता. पण हाक अशी मनापासून असायची की ती नाकारायची कशी, हे मला कळायचं नाही. पहिल्या सहामाहीत शेजारच्या तीन मिक्सरांनी आणि एका पंख्याने माझ्या हातून प्राण सोडले, तरी अप्पांचा विश्वास ढळला नाही. "मिक्सर इलेक्ट्रिकलवाल्यांचा," ते म्हणाले. "तुझा विषय वेगळा."

माणसांच्या बाबतीतही त्यांचा गाडीचाच नियम होता. दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झाले. ते घरी कसं सांगायचं, या विचारात मी पायरीवर बसले होते. आईने विचारलं काय झालं, समोरच्या काकूंनी विचारलं काय झालं. अप्पांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "चल, केळींना पाणी सोडू." मी उठले. दोन वाफे भरून झाले, तिसऱ्याला पाणी वळवता वळवता मी आपण होऊनच सांगून टाकलं. ते फक्त म्हणाले, "बरं. हे पाणी तिकडे जातंय बघ."

गाडी गळायला लागली ती चैत्रात. इंजिनाच्या खाली, स्टिअरिंगच्या पंपाच्या बाजूला, तांबडे थेंब. पॉवर स्टिअरिंगचं तेल तांबडं असतं, हे मी त्याच दिवशी पुस्तकात वाचलं आणि त्याच दिवशी अप्पांना, जणू लहानपणापासून माहीत असल्यासारखं, सांगितलं. अप्पांनी थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "हो. हे वळायचंच तेल." त्यांना प्रत्येक तेलाचा वास ओळखता येत असे. ब्रेकचं वेगळं, इंजिनाचं वेगळं, गिअरचं तर लांबूनच. मला ती पद्धत जरा अशास्त्रीय वाटायची.

खरी अडचण थेंबांची नव्हती, बावखलाची होती. वाडीच्या उताराला गोड्या पाण्याचं एक जुनं तळं होतं, त्यालाच बावखल म्हणायचं. पावसात अंगणातलं सगळं पाणी तिथे उतरायचं आणि पुढे वर्षभर त्याच्यावर वाडी जगायची. बावखल अक्कांच्या ताब्यात होतं. त्यात कोणी साबणाचा हात धुतलेला त्यांना खपत नसे. त्यांनी अंगणातला तांबडा ठिपका पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"पावसाच्या आत ही गळती बंद कर," त्या अप्पांना म्हणाल्या. "नाहीतर गाडी भंगारात. माझ्या पाण्यावर तेलाचा तवंग मी बघणार नाही."

यापुढे दोघं त्यांच्या घरच्या बोलीत भांडले, त्यातलं मला निम्मंच कळलं. पण अप्पांचा चेहरा पाहून उरलेलं निम्मं समजलं. गाडी गेली की बाजार गेला.

त्या संध्याकाळपासून अप्पा गाडीखाली पुठ्ठा घालू लागले. बाबा गोदामातून फ्रिजच्या खोक्याचे मोठे पुठ्ठे आणून द्यायचे. सकाळी अप्पा पुठ्ठा बाहेर ओढायचे, डाग बघायचे, हुंगायचे, स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीत तेवढं तेल भरायचे आणि बाजाराचा दिवस असला की निघायचे. दिवसभर पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलेला. हे इतकं साधं काम मला पाहवेना. मी आलेख-कागदाची वही आणली. रोज सकाळी रात्रीच्या नव्या डागावर कागद धरून तो किती चौकोनांचा आहे ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी सहा चौकोन. दुसऱ्या दिवशी सहा. नंतर साडेपाच, सात, सहा. अप्पा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघायचे. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांनी हुंगणं सोडलं आहे. "तू लिहितेस ना," ते म्हणाले, "मग नाक कशाला?" मला अर्थात फार बरं वाटलं.

मग मे महिन्यातल्या एका बुधवारी डाग एकवीस चौकोनांचा निघाला. गुरुवारी चौतीस.

आज ती वही उघडली की कानशिलं गरम होतात. गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, "डाग कोरडा. तेल लवकर सुकत आहे. हवेतील उष्णतेचा परिणाम असावा." डागाभोवती चिलटं घोंघावत होती. ती मी हाताने हाकलली आणि विषयाबाहेरची म्हणून सोडून दिली. दोन दिवसांचे दोन बिंदू घेतले, त्यांतून पट्टीने एक रेघ काढली. ती रेघ पुढच्या बुधवारपर्यंत वहीच्या बाहेर जात होती. मग मी चार पानांचा अहवाल लिहिला. त्याला शीर्षक दिलं, आकृती काढली, शेवटी निष्कर्ष दिला, "पंपाचे सील पूर्णपणे निकामी होण्याच्या मार्गावर असून वाहन चालवणे धोक्याचे आहे." खाली सही केली. आयुष्यात मी काहीतरी लिहून त्याखाली सही करावी आणि ते एका मोठ्या माणसाने खरं मानावं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

अप्पांनी चारही पानं वाचली. दोनदा वाचली. मग गाडीची किल्ली खुंटीला लावली.

गॅरेजच्या मेस्त्रीने फोनवर सांगितलं की इतक्या जुन्या गाडीचा पंप मिळायला पंधरा दिवस लागतील, तेही मिळाला तर. "पंधरा दिवसांत पाऊस येईल," अक्का म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "तिने लिहून दिलंय अक्का, पंपच गेलाय." हे ते माझ्या बाजूने बोलत होते. अक्कांनी रविवारी सकाळी भंगारवाल्याला यायला सांगितलं.

शुक्रवारी बाजाराचा दिवस होता. पानं शेजारच्या टेम्पोतून गेली. सहा वाजता मी अंगणात आले तर अप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून जीपमध्ये बसले होते. किल्ली खुंटीलाच होती. मी जवळ गेले तसे म्हणाले, "नाही गं, अशीच सवय." मग माझ्या समाधानासाठी असेल, करंगळी दाखवून हसले.

शनिवारी दुपारी आई अंगणात आमसुलं करत होती. दरवर्षी माहेरून रातांब्यांची गोणी यायची. त्यांची सालं रसात बुडवायची, सुपात पसरून वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं आठवडाभर चालायचं. सुपांतून लालभडक रस ठिबकत होता आणि खाली, भिंतीला टेकवलेला असायचा तो फ्रिजचा पुठ्ठा अंथरलेला होता.

"आई, हा पुठ्ठा कधीपासून घेतेस तू?"

"मंगळवारपासून. अंगण खराब होतं, अक्का ओरडतात. संध्याकाळी ठेवते की परत जागेवर. का गं?"

मी खाली वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी एक डाग हुंगला. आंबट होता.

पुढचे चार तास मी अप्पांच्या आसपास घुटमळले. त्यांना पाणी दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं. वर्तमानपत्र दिलं. ते कालचं होतं. आपल्या मोठ्या माणसांची एकेक शिकवण आठवून बघितली, पण कोणीच मला शिकवलं नव्हतं की सही केलेला कागद परत कसा घ्यायचा. आमच्या घरात कोणी सही करून काही दिलंच नव्हतं. अप्पा माझ्याकडे बघत होते. ऊन उतरलं तसे उठले आणि म्हणाले, "चल, पाणी सोडू."

पहिल्या वाफ्यालाच मी सांगितलं. आमसुलांचं, चिलटांचं, कोरड्या डागाचं. मग म्हटलं, "अप्पा, तुम्ही एकदा हुंगलं असतं तर..."

"तू लिहून दिलं होतंस ना," ते म्हणाले.

ते रागावून म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कुदळ बांधावर ठेवली, तळवे पुसले आणि विचारलं, "मग आता पुस्तक काय म्हणतं?"

पुस्तक काहीच म्हणत नव्हतं. पण वर्कशॉपच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आठवली. तेल जिथून पडतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते पाइपावरून वाहत जातं आणि भलत्याच जागी टपकतं. सगळं पुसून कोरडं करायचं, वर पावडर भुरभुरायची आणि मग बघायचं, पहिली ओली रेघ कुठून निघते. हे मी सांगितलं, पण "बहुतेक", "असं वाटतं", "माझं चुकत असेल" हे तीन शब्दप्रयोग दर वाक्याला लावून सांगितलं. अप्पा म्हणाले, "आत्ता कशी इंजिनिअरसारखी बोललीस."

रविवारी सकाळी सहाला आम्ही बोनेट उघडलं. चिंध्यांनी पंप आणि पाइप लख्ख पुसले. पावडर म्हणून अक्कांचा देवळात जायच्या दिवशीचा डबा अप्पांनी न विचारता आणला. सगळं पांढरंशुभ्र झालं. मी टॉर्च घेऊन बाजूला वाकले. आता इंजिन चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं होतं. तेलावर दाब आला तरच गळती दिसणार. आणि गाडी जागेवरून हलून चालणार नव्हतं, मला नीट दिसायला हवं होतं.

"उभ्या उभ्याच?" अप्पांनी आतून विचारलं.

"हो अप्पा. पूर्ण."

मग त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं, हलक्या आवाजात म्हणाले, "आज एकदाच हं," आणि फिरवलं. टायर मातीत घासले. पंप कण्हला. बाजूच्या काचेतून मला दिसलं, अप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

ओली रेघ पंपातून निघाली नाही. तेल परत डबीत आणणारा रबरी पाइप जिथे क्लिपने आवळलेला होता, तिथे त्याचं टोक कडक होऊन तडकलं होतं. तिथून एक तांबडी रेघ पांढऱ्या पावडरीतून सरळ खाली पंपावर उतरली. पंप बिचारा निर्दोष होता. मी त्याच्यावर चार पानं लिहिली होती.

पाइप थोडा लांब होता, हे नशीब. अप्पांनी कोयत्याने तडकलेलं टोक दोन बोटांएवढं कापलं, मी उरलेला पाइप आत सरकवून क्लिप आवळली. तेवढ्यात भंगारवाला आला. माझ्या केसांत पावडर, गालावर तेल. त्याने विचारलं, "द्यायची गाडी हीच का?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या डब्याकडे.

"माझी पावडर गाडीला?"

"तुझ्या बावखलाला," अप्पा म्हणाले.

अक्का भंगारवाल्याला म्हणाल्या, "बसा. चहा घेऊन जा." मग आमच्याकडे वळून, "तीन सकाळी मी स्वतः पुठ्ठा बघणार. आणि हिच्या आईने वेगळा पुठ्ठा घ्यायचा."

तिन्ही सकाळी पुठ्ठा कोरा निघाला. अक्कांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. बुधवारी अप्पा बाजारात गेले आणि संध्याकाळ होईपर्यंत परत आले नाहीत. आठवड्याच्या गप्पा साठल्या होत्या.

त्या पावसाळ्यात त्यांनी मला वाडीतल्या वाटेवर गाडी चालवायला शिकवली. मी शिकवण्यासारखी विद्यार्थिनी नव्हते. केळीची चार झाडं त्याची साक्ष देऊ शकतील. पण उभ्या गाडीला मी कधी पिळलं नाही. माझा चुकीचा अहवाल मी त्यांच्याकडे परत मागितला, तर म्हणाले, "राहू दे, गाडीच्या कागदांत ठेवलाय." वही मागितली, तीही दिली नाही.

शेवटच्या वर्षी कंपनीतल्या कामासाठी मी सहा महिने नाशिकला गेले. दर रविवारी अप्पांना फोन करायचे. "गाडी कशी आहे?" असं मी विचारायचे आणि "बरी आहे, बोटाने वळते" असं उत्तर यायचं. परीक्षेच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. अप्पा सकाळी अंघोळ करून, सदरा घालून ओट्यावर बसले होते. तसेच गेले. मी पेपर टाकून यायला निघाले, तर आईने फोन घेऊन सांगितलं, अक्का म्हणतात, तिला पेपर देऊनच यायला सांग, त्यालाही तेच आवडलं असतं.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं कमी झाली होती. अक्का नेहमीसारख्याच बसल्या होत्या, फक्त जीपकडे पाठ करून. म्हणाल्या, "गर्दीत कोणीतरी गाडी हलवली, बावखलाच्या बाजूला आली आहे. जरा इकडे घे. तुला येते ना?"

गाडीचे कागद कुठे आहेत ते बघावं म्हणून मी आधी समोरचा कप्पा उघडला. कागद होते, माझा अहवाल होता, आणि वही होती. चौतीस चौकोनांच्या नोंदीशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात "आमसूल" एवढंच लिहिलं होतं. पुढच्या पानापासून सगळं अक्षर अप्पांचं. रोज एक ओळ. "कोरा." "कोरा." "कोरा." पानांमागून पानं. मी चाळत गेले. शेवटच्या पानावर ओळी जरा लांब होत्या.

"दोन चौकोन. हुंगलं. आपलंच तेल आहे. इंजिनिअर आली की सांगायचं."

"दोन."

"अडीच. फोनवर सांगितलं नाही. परीक्षा आहे तिची. घाई नाही."

त्याखालचे चौकोन रिकामे होते.

कोणीतरी चाकं पूर्ण वळवून गाडी भिंतीला लावून ठेवली होती. मी इंजिन चालू केलं. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि थांबले. गाडी आधी वीतभर मागे घेतली, चाकं हलू दिली, मग वळवलं. अकरा वेळा पुढेमागे करून ती बावखलापासून लांब, तिच्या जुन्या जागी आणली. अक्का वळून बघत होत्या. मध्येच लवकर कर म्हणाल्या नाहीत.

मग बाबांनी जपून ठेवलेल्यातला एक पुठ्ठा काढून मी गाडीखाली घातला. सकाळी तो बाहेर ओढला, आधी हुंगला आणि मगच मोजला.